चोवीस फेऱ्यांची गळती

ती पांढरी गाडी चौथ्यांदा फाटकातून आत आली, तेव्हा दादाने गाडीकडे न बघता आधी माझ्याकडे बघितलं. ‘बोलू नकोस’ असा त्या बघण्याचा अर्थ. मी बोलले नाही. नुसतं रजिस्टर उघडलं. माझ्या भावाला माझ्या बोलण्यापेक्षा रजिस्टर उघडल्याचा आवाज जास्त टोचतो.

दादा गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. मी टेबलाशी बसून कोणती गाडी कधी आली, दोष काय, काय केलं, हे लिहिते. तो मला चित्रगुप्त म्हणतो आणि मी रागावत नाही, कारण नाव बरोबर आहे. अकरा वर्षांत एकाच गाडीची एकाच दोषासाठी चार पानं कधी भरली नव्हती. ‘गॅस गळतो. गार हवा येत नाही.’ तीनदा दादाने शोधलं, सापडेल ते बदललं, गॅस भरला आणि छाती पुढे काढून गाडी परत दिली. तीनदा ती परत आली.

गाडी आमच्या गिऱ्हाईक काका-काकूंची. आधी त्यांची लेक उतरली. ती प्रयोगशाळेत काम करते आणि शब्दसुद्धा थेंबाथेंबाने मोजून टाकते.

“दादा, हे शेवटचं. सोमवारी सकाळपर्यंत गळती सापडली तर ठीक. नाहीतर मी हा फॉर्म देऊन टाकणार.”

फॉर्म हॉस्पिटलच्या व्हॅनचा होता. तिच्या आईचं, म्हणजे काकूंचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. चार तास त्या मशीनला जोडलेल्या राहिल्या की येताना अंगात काही उरत नाही. त्यात गाडी तापलेली असली तर दहा मिनिटांत मळमळ, घेरी. परवा सिग्नलला गाडी थांबली आणि काकूंची मान खांद्यावर पडली. लेक घाबरली, हे तिच्या थेंबांवरूनही कळत होतं. व्हॅन गार असते, वेळेवर येते, दारापाशी सोडते. त्यात एकच भानगड. व्हॅनमध्ये फक्त पेशंट. सोबतच्या माणसाला, म्हणजे काकांना, जागा नाही.

हे ती सांगत असताना मागच्या दारातून काका उतरत होते. एक पाय बाहेर, एक आत, असे ते क्षणभर थांबले. मग आपण काही ऐकलंच नाही असं दाखवायला वाकून पुढच्या चाकावर अंगठा दाबला.

“हवा बरी आहे,” त्यांनी जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं.

काकांनी चाळीस वर्षं टायरच्या दुकानात काढली. आता दुकान नाही, पण अंगठा आहे. आमच्या गॅरेजात आले की उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीची चारही चाकं तपासून होतात. माझ्याकडे नोंद आहे: एका शनिवारी अठ्ठावीस चाकं. शिवाय ते चहाच्या भांड्यावरचं झाकण उचलून बघतात, चहा आहे ना. दोन मिनिटांनी पुन्हा बघतात, अजून आहे ना. मग चहा गार झाला म्हणून माझ्याकडे बघतात. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढतात, हे काकूंनी सांगितलेलं. चौथ्यांदा काकू ओढू देत नाहीत.

“काका, तुम्ही घरी जा. मी बघतो,” दादा म्हणाला.

“तू बघ की. मी तुला कुठे अडवतोय? मी बसतो.”

आणि स्टूल ओढून ते बॉनेटसमोर असे बसले, की जणू आत ऑपरेशन चाललंय आणि सहीसाठी नातेवाईक लागणार आहे.

तो शुक्रवार होता. शनिवारी दादाने उरलेला गॅस काढून तोलला. बरोबर निम्मा. निम्म्या गॅसवर एसी नुसता पंख्याचं काम करतो. मग त्याने पाइपांमध्ये दाबाने नायट्रोजन भरला, मीटर लावलं आणि काट्यावर पेनाने खूण केली. कुठे गळत असेल तर काटा खाली यायला हवा. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. कुठेही बुडबुडा नाही. मागच्या खेपेला त्याने गॅसबरोबर एक रंग आत सोडला होता. तो साध्या उजेडात दिसत नाही, पण जांभळ्या टॉर्चखाली हिरवा पेटतो. जिथून गॅस गळेल तिथे तो रंग लागलेला सापडणार. दादाने पिवळा चष्मा लावून कॉम्प्रेसर बघितला, जाळी बघितली, पाइपांच्या पोटाखाली आडवा होऊन बघितलं.

“काय दिसतं?” काकांनी विचारलं.

“तुमचे पाय.”

हिरवं काही दिसलं ते फक्त गॅस भरायच्या तोंडाशी. तिथे ते असतंच. भरताना आपणच तिथे पाइप लावतो, काढताना थेंबभर सांडतो. दादाने फडक्याने पुसून टाकलं आणि पुढे गेला.

रविवारी सकाळी काटा खुणेवरून तसूभर हलला नव्हता. आम्ही दोघं गॅरेज उघडून त्या काट्याकडे बघत उभे राहिलो. दादाच्या चेहऱ्यावर, आपल्या घरात चोर शिरलाय आणि तो सोफ्यावर बसून पेपर वाचतोय, असा भाव होता.

“इथे गळत नाही,” तो म्हणाला. “घरी गेली की गळते. म्हणजे हलली, खड्ड्यात आपटली की कुठलीतरी चीर उघडत असणार. एकच जागा राहिली, डॅशबोर्डच्या आतली. सगळं खोलावं लागेल.”

“सोमवारपर्यंत?”

“सोमवारपर्यंत खोलून होईल. परत लावून होणार नाही.”

मी रजिस्टर उघडलं. दादाने डोळे मिटले.

पहिल्यांदा भरलेला गॅस चोवीस आठवडे टिकला होता. दुसऱ्यांदाचा बारा. तिसऱ्यांदाचा आठ. गळती वाढत चाललीय, असं आम्ही पुढच्या दोन्ही वेळा म्हणालो होतो आणि ते खरंच वाटत होतं. पण मला माणसांच्या येण्याजाण्याचीही नोंद ठेवायची खोड आहे. काकूंचं डायलिसिस सुरुवातीला आठवड्यातून एकदा होतं. मग दोनदा झालं. आता तीनदा. मी कोपऱ्यात पेन्सिलीने गुणाकार केले. चोवीस एके चोवीस. बारा दुणे चोवीस. आठ त्रिक चोवीस.

“दादा, ही गळती दिवस मोजत नाही. फेऱ्या मोजते.”

त्याने कागद हातात घेतला. “हॉस्पिटलच्या फेऱ्या?”

“गाडी तर लेक रोज कामावर नेते. खड्डे त्याच रस्त्यावर जास्त. तिथे जाताना नाही गळत.”

“गळतीला काय कळतंय गाडी कुठे चाललीय?”

“गळतीला नाही कळत,” मी म्हणाले. “गळवणाऱ्याला कळतं.”

एवढ्यात काका आले. त्यांनी आम्हा दोघांना हात केला, दोन चाकांना अंगठा लावला आणि टेबलावरच्या भांड्याचं झाकण उचलून आत बघितलं. दादा झाकणाकडे बघत राहिला. मग काकांकडे. मग हळूच जाऊन त्याने शटर अर्ध्यावर ओढलं, म्हणजे आत जरा अंधार झाला.

“काका, इकडे या जरा. हा टॉर्च कसा असतो, दाखवतो.”

काका खूश झाले. पिवळा चष्मा नाकावर चढवून पुढे आले. दादाने टॉर्च लावला. काकांचा पांढरा शर्ट निळाजांभळा उजळला, आणि त्या उजेडात खिशाला लावलेल्या पेनाचं टोक हिरवंगार पेटलं. मग उजव्या अंगठ्याचं नख. मग नखाखालची रेघ.

“अरे वा,” काका कौतुकाने अंगठा फिरवत म्हणाले. “हे काय लागलंय मला?”

दादाने टॉर्च विझवला.

“काका,” तो अगदी हळू म्हणाला, “गॅस भरायच्या तोंडावरचं ते काळं टोपण असतं ना, ते तुम्ही कधी काढता का?”

“काढतो की. काकूला न्यायचं असलं की, निघायच्या आधी. टोपण काढायचं, पेनाचं टोक आतल्या पिनवर टेकवायचं. फुस्स झालं आणि अंगठ्याला गार लागलं, की गॅस आहे. टोपण लावायचं. टायरची हवा अशीच बघतात, चाळीस वर्षं बघितली. मला आवाजावरून आकडा सांगता येतो, तुला काय वाटलं?” ते जरा फुगले. “ती आत बसल्यावर कळून काय उपयोग, गार होत नाही म्हणून? आधी बघायला नको?”

“रोज नाही बघत?”

“रोज कशाला? लेक एकटी जाते तेव्हा खिडकी उघडते. तिला काय धाड भरलीय.”

चाळीस वर्षं कान तयार झालेला माणूस. त्या कानाला एक गोष्ट माहीत नव्हती. टायरमध्ये इतकी हवा असते, की बघण्यापुरती गेली तर गेली. या पाइपांमध्ये सगळा मिळून गॅस अर्धा किलोसुद्धा नाही, आणि एका फुस्समध्ये दहाएक ग्रॅम सहज जातात. दादाने हे सांगितलं. आकडा सांगून झाल्यावर तो थांबला, पण काकांना गुणाकार येत होता.

त्यांनी चष्मा काढला. स्टुलावर बसले. चष्म्याच्या काड्या मिटत म्हणाले, “म्हणजे त्या दिवशी सिग्नलला तिची मान पडली, ती...”

“काका, ते सोडा.”

“मीच बघून बघून संपवला.”

माझ्या भावाला बोलता येत नाही, हे मी अकरा वर्षं लिहून ठेवलंय. पण तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “मी तीनदा शोधलं. तिथे हिरवं होतं, ते तीनच दिवसांपूर्वी लागलेलं असावं इतकं ताजं होतं, आणि मी काल ते फडक्याने पुसलं. तुम्ही पिनवर टेकवलं, मी डोळ्यांवर फडकं टेकवलं. दोघं सारखेच. उठा आता, त्या पिनची झडप बदलू. ती दाबून दाबून ढिली होणारच होती.”

“लेकीला सांगणार?”

काका हे माझ्याकडे बघून बोलले. रजिस्टर कुणाच्या हातात आहे, हे त्यांना बरोबर ठाऊक.

“आम्ही दोष लिहितो, काका. नाव लिहीत नाही.”

दुपारपर्यंत दादाने नवी झडप बसवली, गॅस तोलून भरला. प्लॅस्टिकच्या टोपणाऐवजी पितळेचं घट्ट टोपण लावलं आणि टोपणापासून पाइपापर्यंत लाल रंगाची एक बारीक रेघ ओढली. टोपण फिरलं की रेघ तुटणार. काकांनी रेघेकडे बघितलं, दादाकडे बघितलं.

“विश्वास नाही होय?”

“अजिबात नाही,” दादा म्हणाला, आणि कपाटातून आपला छोटा थर्मामीटर काढून त्यांच्या हातात दिला. “गाडी चालू करायची, हा इथे गार हवेच्या जाळीत खोचायचा. पाच मिनिटांनी आकडा बघायचा. दहाच्या खाली असेल तर काकूंना बोलवायचं. किती वेळा बघायचं तितकं बघा, यातून काही जात नाही.”

सोमवारी सकाळी लेक गाडी न्यायला आली, मागे काका, आणि काकू गाडीचा गारवा बघायला म्हणून रिक्षातून आलेल्या. लेकीने माझं पान वाचलं: ‘भरण्याच्या तोंडाची झडप वरचेवर दाबली जात असल्याने गळती. झडप बदलली.’ तिने ते दोनदा वाचलं. मग वडिलांकडे बघितलं. काका छताच्या पत्र्यांचं निरीक्षण करत होते.

“बाबा, पेन द्या जरा, सही करायचीय.”

“पेन नाही आणलं,” काका छताला म्हणाले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा खिसा रिकामा होता. लेकीच्या ओठांचा एक कोपरा हलला. काकूंना मात्र हसू आवरेना. “मी म्हटलंच होतं, हे बॉनेटमध्ये तोंड घालून काय पुटपुटतात,” त्या गाडीत बसत म्हणाल्या. “मला वाटलं, इंजिनाची समजूत काढतात.”

लेकीने माझ्या पेनाने सही केली. आकडे लिहायला कागद पाहिजे म्हणून काका खिसे चाचपू लागले, तेव्हा तिने पर्समधून घडी केलेला व्हॅनचा फॉर्म काढून त्यांना दिला. “मागची बाजू कोरी आहे,” ती म्हणाली. बस, एवढाच थेंब.

काकांनी जाळीत थर्मामीटर खोचला आणि पाच मिनिटं कुणाला दार लावू दिलं नाही. मग दार उघडं असल्यामुळेच आकडा उतरत नाही, हे काकूंनी सांगितलं.

त्यानंतर चोवीस फेऱ्या मी बोटांवर मोजल्या. पंचविसावी झाली त्या दिवशी दादा माझ्याकडे न बघता शीळ वाजवत होता. एक्केचाळीस फेऱ्यांनंतर गाडी आली ती ऑइल बदलायला. काकांनी फॉर्मची पाठ दाखवली. जाताना सात, येताना सहा, जाताना सात. कागद भरून आकडे कडेने वर चढले होते.

ते टायर बघायला गेले तेव्हा दादाने बॉनेट उघडलं आणि मला खुणेने बोलावलं. लाल रेघ अखंड होती. आतलं सगळं यंत्र धुळीने माखलेलं, आणि मधोमध ते पितळेचं टोपण असं लखलखत होतं, की जणू रोज कुणी अंगठ्याने पुसतंय.

रोज नव्हे, आठवड्यातून तीनदा. मी तसंच लिहिलं.