चुडामणभाऊंची साक्ष

वरणगावच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. घरातलं माणूस गेलं, की मातीनंतरच्या पहिल्या रविवारी घरच्यांपैकी एकाने उभं राहून साक्ष द्यायची. एवढं होऊनही येशूची स्तुती का करायची, याचं एक तरी कारण आपल्या तोंडाने सांगायचं.

चुडामणभाऊ गेले, आणि घरी आता त्यांची एकुलती मुलगी भाविकाच उरली होती. धुळ्याला कॉलेजात शिकवणारी, चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. भाऊंनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून बोदवडच्या भाऊबंदांनी येणंजाणं तोडलं होतं, ते मातीलाही फिरकले नाहीत.

तिने नाही म्हटलं असतं तर कोणी आग्रह केला नसता. पण वडिलांचं एवढंच काम करायचं राहिलं होतं, आणि ते खोटं बोलून उरकणं तिच्याने होणार नव्हतं. आठवडाभर तिने पुस्तकं चाळली. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, खिळे ठोकणाऱ्यांसाठी प्रार्थना केली. माणूस थोर, यात तिला कधी शंका नव्हती. पण थोर माणसाला आपण नमस्कार करतो. भाऊ तर गुडघे टेकायचे. आपला दोष त्याने स्वतःवर घेतला, म्हणायचे. एकाचा दोष दुसऱ्याने कसा घ्यायचा, असं ती विचारायची, आणि भाऊ नुसते हसायचे.

रविवारी, मंडळी भरायची त्या लताबाईंच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर वीसेक माणसं जमली. भाविका दाराशीच टेकली, तर लताबाई म्हणाल्या, मास्तरीणच मागच्या बाकावर बसली तर पोरांनी काय करावं. थोडं हसू झालं. तिला पुढे यावं लागलं.

उभी राहिली, आणि जुळवून आणलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच. अठरा वर्षांपूर्वी जळगावात मेहरूणला मामांच्या घरी तिला बघायला पाहुणे येणार होते. तिने भाऊंना सांगितलं होतं की तुम्ही येऊ नका, तुम्ही दिसलात की धर्माचा विषय निघेल. पाहुण्यांना सांगितलं, वडील फॅक्टरीच्या कामाने बाहेरगावी गेलेत. भाऊ सकाळपासून जळगाव स्टेशनच्या बाकावर बसून होते. संध्याकाळी ती तिथे पोचली, तेव्हा त्यांनी विचारलं, जेवलीस का. ते स्थळ जुळलं नाही. भाऊंनी त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

"मी माझ्या बापाला लपवलं," ती म्हणाली. "माफीसुद्धा मागितली नाही. स्तुतीचं कारण मला सापडलेलं नाही."

ती बसायला वाकली, तसे मंडळीतले सर्वांत वडील लीलाधरनाना म्हणाले, "थांब बेटा. हे आम्हाले तवाच कयलं व्हतं. पन असं नाही."

नानांनी सांगितलं ते असं. त्याच्या पुढच्याच रविवारी चुडामण याच खोलीत उभा राहिला. पोरीला बघायला पाहुणे आले, मला ख्रिस्ती म्हणवून घ्यायची लाज वाटली, मीच स्टेशनवर जाऊन लपलो, म्हणाला. माझ्यासाठी प्रार्थना करा, म्हणाला. मंडळीने सगळ्यांपुढे बायबलमधलं वचन वाचायचं त्याचं काम सहा महिने बंद केलं, त्याला पुढून उठवून दाराशी बसवलं. तो मुकाट्याने तिथे बसायचा.

"त्याले पुढून उठोनारा मीच व्हतो," नाना म्हणाले, आणि खाली बघत राहिले.

भाविकाला दिसत होते दाराशी बसलेले भाऊ. सहा महिन्यांचे सव्वीस रविवार. तिचा दोष अंगावर घेऊन, तिला कळूही न देता. हे त्यांना आपल्या मनाने सुचलं नव्हतं. ज्याच्यापुढे ते रोज गुडघे टेकत, त्याच्याकडून ते शिकले होते. आणि त्याने तर सहा महिने नव्हे, जीव दिला होता, तोही जे आपले नव्हते त्यांच्यासाठीसुद्धा.

माफी मागायला भाऊ आता नव्हते.

"येशू, तुझी स्तुती असो," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू गेला नसेल. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने गुडघे टेकले, अवघडत, साडी सावरत. शेजारची भाऊंची जागा रिकामी होती.