रहिमानचा चांद

गेलं वर्षभर तासगावातल्या आमच्या गल्लीत ‘रहिमानचा चांद’ म्हणजे थाप. ‘ब्लाऊज संध्याकाळी नक्की देते’ असं मी म्हटलं, की गिऱ्हाईक हसून विचारतं, ‘नक्की? का रहिमानचा चांद?’ गिऱ्हाईकाला कात्री फेकून मारता येत नाही, म्हणून मी दात-ओठ खाऊन गप्प बसते. कारण रहिमान म्हणजे माझे अब्बा.

अब्बांनी तीस वर्षं एसटी चालवली. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी ईदचा चांद गल्लीत सगळ्यांत आधी त्यांना दिसायचा. गच्चीवरची माणसं आभाळाकडे न बघता त्यांच्या बोटाकडे बघायची. गेल्या वर्षी त्यांनी बोट दाखवलं आणि तिथं ढगाच्या पट्टीशिवाय कुणाला काही दिसलं नाही. दुसऱ्या गावांतूनही खबर आली नाही, ईद एक दिवस पुढे गेली आणि कुण्या शहाण्यानं तो शब्द काढला. मीही तेव्हा म्हणाले होते, “अब्बा, चला खाली. मोतीबिंदू आला आसंल तुमच्या डोळ्यात.” पुढे डॉक्टरांनी तपासलं, तर मोतीबिंदूचा पत्ता नव्हता. पण तोवर अब्बांनी गच्ची सोडली होती. ते आठवलं की मला माझाच संताप येतो.

यंदा काहीही करून अब्बांना गच्चीवर आणायचं आणि त्यांचा चांद सगळ्या गल्लीला दाखवायचा, असं मी ठरवलं. त्यासाठी दुर्बीण हवी होती.

पहिली दुर्बीण मी फोनवरची जाहिरात वाचून मागवली. ‘पाचशे पंचवीस पट मोठं दिसेल’ असं लिहिलं होतं. मला वाटलं, चंद्रावरचे दगड मोजू. नळी बोळक्याएवढ्या तोंडाची आणि खालचं तीन पायांचं तिकाटणं असं, की मी श्वास सोडला तरी चंद्र उडी मारून गायब. गुरू ग्रह तर तव्यावर टाकलेल्या मोहरीसारखा नाचत होता. माझा नवरा यासीन बेदाण्याचा टेम्पो चालवतो. तो म्हणाला, “समीना, मशीन सोडून आता आभाळ शिवणार हाईस व्हय?” मी त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

मग मी आम्रपालीला गाठलं. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि आता त्याच शाळेत विज्ञान शिकवते. तिनं ती दुर्बीण हातात घेतली, तिकाटणं हलवून बघितलं आणि पोट धरून हसली.

“अगं, पट काय बघतीस? तोंड बघायचं. तोंड मोठं तेवढा उजेड जास्त आत येतो. आन् बैठक बघायची. बैठक हलली की सगळं मुसळ केरात.”

तिच्या सल्ल्यानं मी दुसरी मागवली. पाच इंची आरशाची, बुटकी, जाडजूड. लाकडी बैठकीवर भरल्या डेऱ्यासारखी बसणारी. पहिली मी शाळेतल्या मुलांना मोडतोड करायला देऊन टाकली. नवीन आली त्या संध्याकाळी रोजा सोडला आणि मी खजूर तोंडात ठेवूनच गच्चीवर पळाले. गुरू लावला. बाजूला चार ठिपके, एका रेषेत! त्याचे चार चंद्र, आमच्या तासगावच्या गच्चीवरून! मी इतकी ओरडले, की यासीन मला विंचू चावला असं समजून चप्पल घेऊन वर आला. त्यानं डोळा लावला आणि मग चप्पल हातात तशीच धरून तासभर तिथून हलला नाही.

अब्बा मात्र खालीच. “मला यंत्र नगं. डोळ्यांनी दिसतो त्यो चांद.”

अठ्ठाविसाव्या रोजाला सकाळी मी दुर्बीण दूरच्या पाण्याच्या टाकीवर लावली आणि डोळे चोळून पुन्हा बघितलं. टाकी उलटी. खांब वर, टाकी खाली. गुरू गोल, त्याचं उलटं-सुलटं कुणाला कळणार? पण ईदचा चांद उलटा दिसला, तर गल्लीला आणखी एक शब्द मिळेल! मी शिंपीण आहे. कापडाची उलटी बाजू वर आली की शिवण उसवायची आणि फिरवून घालायची, एवढं मला कळतं. ईदचे अकरा ड्रेस बाजूला सारले, मशीनचा पेचकस काढला आणि दुर्बिणीचं बूड उघडलं. आरसा हळूच काढला, वरची कड खाली केली आणि परत बसवला.

टाकी उलटीच. शिवाय आता तिच्यावर कुणीतरी साय ओतल्यासारखं दिसत होतं.

फोनवर आम्रपाली किंचाळली. “तू आरसा काढलास? बये, आरशाच्या दुर्बिणीत उलटंच दिसतं! तिचा स्वभावच हाय त्यो!”

“मग आधी सांगायचं न्हाईस?” मीही चढ्या आवाजात म्हणाले. चूक माझी होती, पण आवाज खाली येईना. उद्या एकोणतीस होती आणि मला रडू फुटलं. “आम्रपाली, अब्बांसाठी घेतली गं मी ही.”

तिचा आवाज एकदम खाली आला. मग मला शाळेतल्या पोरीला सांगतात तसं सांगू लागली. जिथं डोळा लावतो तिथल्या झाकणाला बरोबर मध्यावर बारीक भोक पाड. त्यातून आत बघ. आरशाच्या मधोमध एक छोटी चकती चिकटवलेली दिसेल. बुडाचे तीन पेच एकेक करून फिरव आणि ती चकती मध्यावर आण.

मी सुई गॅसवर लाल केली आणि झाकणाला भोक पाडलं. चकती पार कडेला पळाली होती. पेच पाव-पाव फिरवत बसले. मशीनच्या धाग्याचा ताण असाच धरायचा असतो. घाईनं पिळलं की तुटतो. दुपारच्या अजानपर्यंत चकती मध्यावर आली. टाकी लावली तर तिच्यावर बसलेले कावळेसुद्धा मोजता येत होते. उलटे, पण कावळे! मी गच्चीवर एकटीच नाचले.

एकोणतिसाव्या संध्याकाळी मात्र खरी अडचण कळली. आम्रपालीनं बजावलं होतं, सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय दुर्बीण तिकडे वळवायची नाही, डोळा जाईल. बुडाल्यावर मिळणार जेमतेम अर्धा तास. दुर्बिणीतून दिसणार आभाळाचा रुपयाएवढा तुकडा, आणि चांद नखाच्या कातरणाएवढा. लावायची कुठे? मी धडाधड जिना उतरले.

“अब्बा, मला जागा गावंना. आभाळ एवढं मोठं हाय. तुमी नुसती जागा दावा.”

“यंत्राला इचार की.”

“यंत्राला अक्कल न्हाई, अब्बा. मला बी न्हाई. तुमाला हाय.”

अब्बा उठले. मग टोपी घातली.

गच्चीवर पंधरा-वीस माणसं होती, मशिदीतले दोघे वडीलधारेही आले होते. अब्बांना बघून कुणीतरी खाकरलं. मी त्या दिशेनं असं बघितलं, की पुन्हा कुणी खाकरलं नाही. सूर्य बुडाला. अब्बा कठड्याशी उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले. सात-आठ मिनिटं ते पश्चिमेची कड चाळत राहिले.

“दिसला,” अब्बा इतक्या हळू म्हणाले, की फक्त मला ऐकू आलं.

“कुठं?”

“बेदाण्याच्या शेडच्या उजव्या टोकावर, चार बोटं वर.”

मला काहीच दिसत नव्हतं. मी कमी पटीचं भिंग लावलं, शेडचं टोक पकडलं आणि वर सरकू लागले. आत सगळं उलटं. नळी वर नेली की आभाळही वरच पळत होतं. एक बोट. दोन. तीन.

आणि तो आला. रेशमाच्या एका धाग्याएवढा, दोन्ही टोकं खाली वळवलेला, उलटा, लख्ख!

“हाय! हाय! अब्बांनी सांगितलं तिथंच हाय!” मी ओरडले. मग एकच गर्दी उसळली. मशिदीतल्या थोरल्यांनी डोळा लावला, “सुभानल्ला” म्हणाले आणि मान वर करून अब्बांच्या बोटाच्या रेषेत नुसत्या डोळ्यांनी शोधू लागले. त्यांना दिसला. मग यासीनला दिसला. मग सगळ्यांनाच दिसला आणि गच्चीवर मिठ्यांचा गोंधळ उडाला. माणसं अब्बांचा हात दोन्ही हातांत घेऊन “ईद मुबारक, चाचा” म्हणत होती. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

अब्बांनी शेवटी, माझ्या आग्रहाखातर, दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. डोळा तिथंच ठेवून ते म्हणाले, “गेल्या साली बी दिसला हुता मला, समी.”

“व्हय अब्बा. दिसला आसंल.”

“आसंल न्हाई.”

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

“दिसला हुता, अब्बा.”