गोमेच्या शेजारची चिकटपट्टी

दुपारी भावजय आली ती हसतच. "वन्सं, वाढदिवसाची भेट. ह्यांनी पाठवलीय. आधी डोळे मिटा बघू."

माझ्या वयाच्या बाईला असले लाड झेपत नाहीत, पण मिटले. हातात छोटी चौकट आली. काचेखाली नखाएवढी चंदेरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर माझंच चाळीस वर्षांपूर्वीचं अक्षर: 'काढू नये'.

मी चौकट उजेडात धरून पाहिली. तीच पट्टी.

दोन गल्ल्या सोडून मलमपट्ट्यांचा कारखाना आहे, तिथे मी उभं आयुष्य घातलं. पट्ट्या वाफेवर निर्जंतुक करायची टाकी तिथे खोलीएवढी आहे. तिचं दार कधी उघडायचं हे पूर्वी कपाटभर रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, खडखडत ठरवायचे आणि आठवड्यातून दोनदा रुसायचे. मग मायक्रोप्रोसेसर निघाला. अख्ख्या संगणकाचं डोकं बोटभर तुकड्यात! चाळीस पाय म्हणून कामगार त्याला गोम म्हणायला लागले. तेव्हाचे साहेब म्हणाले, "बाई, हे खेळणं आहे." म्हटलं, बघाच. महिन्याभरात कपाट भंगारात गेलं. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये त्या गोमेची पतवंडं बसलीत.

गोम हुशार, पण काय करायचं ते तिला शेजारच्या चिपमधून वाचावं लागतं. तिथे मी लिहून ठेवलं होतं: वाफेचा दाब काट्यावर एकच्या वर असेल तर दाराची कडी सोडायची नाही. त्या चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. तिच्यातून ऊन पडत राहिलं की आतलं लिहिलेलं हळूहळू पुसतं, म्हणून वर पट्टी. आणि पुसतं म्हणजे कोरं होत नाही, आकडा वाढतो. एकाचे तीन होतात, तिनाचे सात, आणि तेवढ्या दाबातही कडी सुटते. नशीब असेल तर सगळं यंत्रच बंद पडतं.

हे कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझा शब्द पुरे, असा तोरा होता तेव्हा.

"ही कधी काढली गं?"

"झाले तीन आठवडे. कारखान्याचा सुवर्णमहोत्सव ना! तुमची गोम लोकांना दिसावी म्हणून नव्या साहेबांनी तिच्या पेटीचं झाकण काढून पेटीच टाकीघराच्या खिडकीत ठेवलीय. चालू आहे हं अजून! पट्टी ह्यांनीच अलगद सोडवली, ताईचं अक्षर वाया जाऊ नये म्हणून."

"उन्हात ठेवलीय?"

"छान चमकते म्हणतात."

कर्म माझं! टाकीचं दार उघडतो तो माझा धाकटा भाऊ. कामाला लागला तेव्हा दर वेळी आधी दाबाच्या काट्याकडे बघायचा. मी सगळ्यांदेखत झापलं होतं त्याला: "माझ्या गोमेवर भरवसा नाही का? हिरवा दिवा लागला की उघडायचं!"

मी टाकीघरात फोन लावला.

"बोल ताई, मिळाली ना भेट?"

"दार उघडलंस का?"

"उघडतोच आता. तुझी गोम म्हातारपणी चपळ झालीय बघ. आठ दिवस झाले, दिवा लवकर हिरवा होतोय."

"बाळ्या, दाराला हात लावू नकोस. आधी काटा बघ."

तो खो खो हसला. "परीक्षा घेतेस होय? तेव्हाची बोलणी अजून विसरलो नाहीये मी."

"अरे, तेव्हा मी चुकले होते, ऐक माझं..."

"लागला बघ हिरवा, आज तर आणखीच लवकर. थांब, आलोच."

त्यानं रिसीव्हर टेबलावर ठेवला. मी जीव खाऊन ओरडत राहिले. भावजय माझा दंड धरून विचारत होती, काय झालं वन्सं, अहो काय झालं. फोनमध्ये लांबून कडी सुटल्याचा खट्ट आवाज आला.

त्यानंतरचा आवाज फोनमधून आला, आणि पाठोपाठ आमच्या खिडकीतूनही आला.