एका दाराचा शनिवार

येसाजीच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते उतरवता उतरवता घरादाराच्या नाकी नऊ येत. ब्याऐंशी सालच्या थंडीत खूळ शिरलं ते संडास-न्हाणीचं. तो कामाला होता त्या रसायनीच्या कारखान्यातल्या साहेबाच्या क्वार्टरमध्ये पंखा बसवायला गेला आणि बघतो तर काय, संडास आणि न्हाणी एकाच खोलीत! पांढऱ्या फरशा, एक दार, एक कडी. झालं! त्याच दिवशी खालापुरात पोपट गवंड्याला सांगावा गेला, रविवारी ये, मधली भिंत पाडायची हाय.

भिंत होती मागच्या अंगणात. तिच्या अल्याड न्हाणी, पल्याड संडास. घर बांधताना त्याची बायको जयवंता हिला कुणी काही विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. पण न्हाणी म्हणजे तिचं राज्य. तिथली चूल तिची, चुलीवरचा तांब्याचा हंडा तिचा. त्यातून थोरली लेक शकू पहिल्या बाळंतपणाला आलेली, बाळ वीस दिवसांचं. रोज सकाळी सातला मोतीबाई यायची आणि बाळाला, मग बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायची. चांगला तासभर.

“अवो, मोतीबाई आत असली की बाकीच्यांनी जायचं कुठं?” जयवंतानं विचारलं.

“थांबायचं. सायेब थांबत नाय का?”

“सायबाच्या घरात माणसं किती?”

“दोन.”

“आन् आपण सात!”

येसाजी हसला. “तुला काय कळतंय गं यातलं?”

हे मात्र तिच्या काळजाला लागलं. चोवीस वर्षं त्या चुलीत फुंकर घालून डोळे लाल केले, आणि म्हणे तुला काय कळतंय!

“बरं तर,” ती म्हणाली. “उद्या शनिवार. एकच दार हाय असं समजून एक दिवस काढू. न्हाणीत कुणी असलं की संडासाला कुलूप. तुमी कुरकुर न करता आठची कंपनीची बस धरलीत, तर रविवारी पयला घण मीच घालीन. नाय जमलं, तर भिंत ऱ्हायली.”

“कबूल!” येसाजी ऐटीत म्हणाला, आणि रात्री वालाचं बिरडं दोनदा मागून जेवला.

सकाळी सव्वासातला तो टमरेल घेऊन मागल्या दारी आला. संडासाला कुलूप, किल्ली जयवंताच्या कमरेला.

“मोतीबाय, किती वेळ गं?”

“आत्ताशी तेल लावतेय!” आतून आवाज आला. “दार उघडू नका हां, पोराला वारा लागंल!”

येसाजीनं अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग चार. कपाळावर घाम आला, तोही ऐन थंडीत. एवढ्यात त्याची म्हातारी आई, भागूबाई, काठी टेकत मागे येऊन उभी राहिली. “सर रं बाजूला, माझा नंबर आधी.”

“आये, तू बी?”

“मला काय पोट नाय?”

आत बाळाचं आटपलं आणि शकूची पाळी आली. जयवंता किल्ली खुळखुळवत तांदूळ निवडत बसली होती. मागितली असती तर तिनं दिली असती. पण मागायची कशी? मागितली की हरला! येसाजीनं दात आवळले आणि टमरेल घेऊन थेट शेताची वाट धरली. संडास बांधा म्हणून साऱ्या आळीला शहाणपण शिकवणारा हाच तो येसाजी! शेतात वाल उभा, तोही गुडघाभर. आणि शेत अगदी रस्त्याला लागून.

तेवढ्यात कंपनीची बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न मारला, खिडक्या-खिडक्यांतून माना बाहेर निघाल्या. “येसाजी, थांबू का रं?” आख्खी बस खिदळत पुढे गेली.

तो परत आला तेव्हा जयवंतानं तोंडात पदर कोंबला. ती घरात गेली आणि पोट दुखेपर्यंत हसली. तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

रविवारी पोपट घण घेऊन हजर. “येसाजीदादा, कुठनं पाडू?”

येसाजीनं एकदा भिंतीकडे पाहिलं. “तिला इचार.”

“वयनी?”

घराच्या बांधकामाचं कुणी तिला पहिल्यांदाच विचारत होतं. तिनं पदर खोचला आणि ताठ मानेनं अंगणात उतरली.

“मधल्या भिंतीला हात लावायचा नाय. न्हाणी या अंगाला चार फूट वाढव, मोतीबायला पाय पसरून बसता आलं पायजे. खिडकी वरती घे. आन् फरशा पांढऱ्याच लाव, यांची हौस हाय.”

“आन् दारं किती, वयनी?”

ती तोंड उघडायच्या आत पाठीमागून येसाजी ओरडला, “दोन रं, दोन!”