झाकणाखालची शिट्टी

पितळ घासताना कापडाला थोडी थुंकी लावली की चकाकी लवकर येते. संग्रहालयाच्या कामखोलीत सगळेच तसं करतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण त्या सकाळी ताई पाटीवर जरा जास्तच थुंकली.

पाटीवर कोरलं होतं : ‘आगीच्या तोंडातून जहाज सुखरूप परत आणणाऱ्या कप्तानास, कृतज्ञ बंदराकडून.’

“झाली का हो पाटी?” चिटणीसबाई दारातून ओरडल्या. त्या नवीन होत्या आणि समारंभाच्या धावपळीत त्यांचा आवाज बसला होता. “अशी लखलखीत हवी, की साहेबांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे.”

“दिसेल,” ताई म्हणाली. “चांगलं दिसेल.”

कामखोलीच्या खिडकीतून अंगण दिसे आणि अंगणात ती काळ्या दगडाची भिंत. समुद्रावर काम करता करता जे गेले त्यांची नावं तिच्यावर कोरलेली. एका ओळीच्या शेवटी बोटभर जागा मोकळी होती. ताईची आई हयात असेपर्यंत पदर सावरत तिथं येई, त्या जागेवर बोट ठेवी आणि विचारी, “इथं बसेल ना गं त्याचं नाव? दाटीवाटीनं का होईना?” आई गेली. जागा तशीच राहिली. ताईने मात्र याच भिंतीसमोर नोकरी धरली, दोर विणायची नि पितळ घासायची, आणि वाट पाहायची. कशाची, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ते नाव तिच्या धाकट्या भावाचं. घरात त्याला शीळ्या म्हणत. बोलायच्या आधी तो शीळ घालायला शिकला होता, म्हणून. पुढे जहाजावर लागला तो शिट्टीवालाच झाला. कुणी मोठा पाहुणा जहाजावर पाय ठेवी तेव्हा मानाची शिट्टी वाजवायची, ती चढत जाते आणि उतरते. कुणी गेलं की मयताची, एकच लांब, न वाकणारी. आणि शेवटी मोकळीक, आखूड, दोनदा. ती वाजली की लोक हलायचे.

सुट्टीवर आला की तो ताईला हे सगळं शिकवी. एकदा परसात चिमणी मेलेली सापडली तर गडी उभा राहिला ताठ, आणि मयताची शिट्टी वाजवली.

“आता तू कप्तान,” तो म्हणाला. “मयताची शिट्टी झाली की कप्तानाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, कोण गेलं आणि कसं गेलं. मग मोकळीक. तोवर कुणी बसायचं नाही.”

“चिमणीला कुठलं नाव रे?”

“मग ‘चिमणी’ म्हण. आणि म्हण, ‘कामावर असताना गेली.’ ही शिट्टी भलत्यासलत्याला नसते, ताई. जो कामावर गेला त्यालाच.”

“चिमणी. कामावर असताना गेली,” ताई हसू दाबत म्हणाली. तरी शीळ्या हलेना. तिचे पाय अवघडले, डास चावायला लागले, आणि हा आपला आभाळाकडे बघतोय. शेवटी तिने पाठीत धपाटा घातला तेव्हा कुठे त्याने मोकळीक वाजवली.

“शिट्टी ज्याच्या हाती, त्याच्यापुढे कप्तानसुद्धा खोळंबतो,” तो पळता पळता म्हणाला.

आई तेव्हा दारात बसून म्हणायची,

वारा सुटला दर्याला, बाळ माझा शीळ घाली
दार उघडं ठेवून माय ऐकत बसली.

मग ती आग लागली. जहाजाचा पाणी मारायचा पंप बिघडलेला होता. दुरुस्तीला थांबलो तर फेरी चुकेल म्हणून कप्तानाने तसंच जहाज काढलं होतं. इंजिनाच्या खोलीत भडका उडाला. शीळ्या तिथे पहाऱ्यावर. त्याने वर इशारा दिला, माणसं बाहेर पडली, तो मागे राहिला. कप्तानाने खोलीवरचं लोखंडी झाकण लावायला सांगितलं. लावलं नसतं तर जहाज गेलं असतं, हे ताईलाही कळत होतं. त्यासाठी तिने एखादे दिवशी त्याला माफही केलं असतं.

पण चौकशीत कप्तान म्हणाला, शिट्टीवाला दारू पिऊन झोपला होता. आग त्याच्याच हलगर्जीपणामुळे लागली. पंपाचं नावही निघालं नाही. बाकीच्यांनी खाली मान घालून सही केली, आणि भिंतीवर शीळ्याचं नाव चढलं नाही.

आणि झाकण लावल्यावर खालून शिट्टी वाजत होती. अख्ख्या जहाजाने ती ऐकली होती. झोपलेला माणूस शिट्टी वाजवतो का?

हे ताईला मास्तरांनी सांगितलं. मास्तर त्याच जहाजावर होते. शीळ्याला शिट्टी त्यांनीच शिकवलेली, आणि हुकमावरून झाकणाचं चाक फिरवलं तेही त्यांनीच. शीळ्याची शिट्टी घेऊन ते घरी आले होते. तिच्या पितळी नळीवर दातांची खूण उमटली होती. आईने सगळं ऐकून घेतलं, त्यांना पाणी दिलं, आणि उंबरठ्याच्या आत घेतलं नाही. आता म्हातारे मास्तर नि ताई एकाच कामखोलीत बसत. गाठींबद्दल बोलत, दोरांबद्दल बोलत. दुसरं काही बोलत नसत.

तेच मास्तर आज तोंडावर हात धरून आत आले.

“ताई, घोटाळा झालाय. नवी कवळी बसवलीय. ऐक.” त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. फुटक्या किटलीतून वाफ निघावी तसा आवाज आला.

“अहो, मग कवळी काढून वाजवा.”

“काढली तर ओठ आत जातात. मानाची शिट्टी वाजवायची का थोबाडाची शोभा करून घ्यायची?” ते स्टुलावर बसले. “तू व्यासपीठाच्या पडद्याआडून वाजव. मी पुढे उभा राहून नुसती तोंडाला लावतो. कोणाला काय कळतंय?”

“वाजवते.”

ती इतक्या पटकन म्हणाली की मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. ते समोरच्या दोराची गाठ चाचपत राहिले.

“मानाची वाजवायची,” ते म्हणाले. “चढती, उतरती.”

“ठाऊक आहे.”

“कपाटातली शिट्टी घेऊ नको. ती बेसूर आहे.” ते उठले आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, “तुझी आहेच की घरची.”

समारंभाला अजून अवकाश होता तेव्हा कप्तान स्वतःच कामखोलीत डोकावले. उंच, गोरेपान, केस काळेभोर रंगवलेले. सगळ्यांशी हसून बोलणारे.

“वा! ही का माझी पाटी? फार मेहनत घेतलीत हो.”

ताईने कापड खाली ठेवलं. तिच्या मनात आलं, एकदा विचारून बघू. एक दार उघडून बघू.

“माझा भाऊ तुमच्या जहाजावर होता, साहेब.”

“असं? कोण?”

“शिट्टी वाजवायचा.”

कप्तानांचं हसू जागच्या जागी थांबलं. पापणी लवली. मग त्यांनी पाटी उजेडाकडे धरली.

“अक्षर छान आलंय,” ते म्हणाले, आणि गेले.

ताईने पदराच्या गाठीतून शिट्टी सोडली. दातांच्या खुणेवर जीभ फिरवली. कडवट, थंड. तिच्या ओठांवर आईची ओवी आली, पण वाट सोडून आली,

दार उघडं राहिलं, शीळ आली नाही घरी
ज्याने झाकण लावलं, वाजो आता त्याच्या उरी.

दालन गच्च भरलं होतं. व्यासपीठाला जहाजाची शिडी जोडलेली, कठड्याला ताईनेच विणलेला पांढरा दोर. पहिल्या रांगेत त्या जहाजावरचे जुने लोक पांढऱ्या गणवेशात, छातीवर पदकं, मांडीवर टोप्या, गुडघ्यांत काठ्या. चिटणीसबाईंनी कप्तानांच्या सेवेचा पाढा वाचला. ‘ज्यांच्या धैर्यामुळे’ हे शब्द आले तेव्हा रांगेतल्या जाड्या आचाऱ्याने उगाचच खोकून घेतलं.

“आता जुन्या रिवाजाप्रमाणे शिट्टीच्या मानवंदनेत साहेब वर येतील!”

मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली. कप्तानांनी शिडीवर पाय ठेवला. पडद्याआड ताईने श्वास भरून घेतला.

शिट्टी वाजली. चढली नाही, उतरली नाही. सरळ गेली, लांब, पातळ, झाकणाखालून यावी तशी.

दालनात कुणाला काही कळायच्या आत मास्तरांनी शिट्टी खाली घेतली आणि टोपी काढली. मग पहिली रांग उठली. काठ्या टेकत, एकमेकांना धरत, पांढरीशुभ्र रांग उभी राहिली. ते उठले म्हणून मागचे उठले, मागचे उठले म्हणून सगळेच.

“अहो मास्तर, हे काय भलतंच?” चिटणीसबाई कुजबुजल्या.

मास्तरांवर बालंट येऊ नये म्हणून ताई पडद्याबाहेर आली. शिट्टी हातात, सगळ्यांना दिसेल अशी.

“मयताची शिट्टी झालीय, साहेब,” ती म्हणाली. “कोण गेलं?”

कप्तान शिडीच्या मध्यावर होते. वर जाता येईना, खाली येता येईना.

“हा काय प्रकार आहे?” ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. “बसा, बसा सगळे.”

कुणी बसलं नाही. आचारी काठीवर रेलला होता, पण तो कप्तानांकडे बघत होता. सगळी रांगच बघत होती. त्यांच्या कानात काय वाजतंय ते ताईला दिसत होतं, आणि ते वाजत राहावं असं तिला वाटत होतं. या म्हाताऱ्यांची तिला आज दया आली नाही.

“यांना खुर्ची द्या, पडतील ते,” कप्तान म्हणाले.

“पडू दे,” आचारी म्हणाला. “तुम्ही नाव सांगा, साहेब.”

कप्तानांनी कठड्याचा दोर धरला. नाव घेतलं, पण पुटपुटल्यासारखं.

“ऐकू नाही आलं,” मास्तर म्हणाले. “झाकणाखालून बोलताय का?”

मग कप्तानांनी नाव घेतलं. हुद्द्यासकट, बापाच्या नावासकट, दालनाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल असं. इतक्या वर्षांत परक्या तोंडून ते नाव ताईने ऐकलंच नव्हतं.

“आणि कसा गेला?”

रंगवलेल्या केसांतून घाम ओघळला.

“कामावर,” ते म्हणाले. “कामावर असताना गेला.”

“दारू पिऊन?”

“नाही.”

“झोपेत?”

“नाही. शिट्टी... वाजत होती.”

ताईला वाटलं होतं, हे ऐकून जीव निवेल. निवला नाही. उलट आईचं बोट आठवलं, दगडावरून फिरणारं, आणि आग पुन्हा उठली.

चिटणीसबाई तिच्याजवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण घड्याळही त्यांना दिसत होतं. “झालं ना आता, ताई? ती दुसरी वाजवा. मोकळीक. माणसं म्हातारी आहेत हो.”

“ती वाजवणार आहे,” ताई म्हणाली. “भिंतीवर नाव आलं की.”

तिने शिट्टी पदरात बांधली, व्यासपीठावरची पाटी उचलून कप्तानांच्या हातात दिली, तोंड दिसेल अशी धरून, आणि अंगणात उतरली. काळा दगड उन्हाने तापला होता. मोकळ्या जागेवर बोट ठेवून ती उभी राहिली.

मागे दालनात एकाही खुर्चीचा आवाज झाला नाही.