तपकिरी स्वेडचं माप

आमच्या दुकानात लेबलावर कुणी विश्वास ठेवत नाही. जुनं चामड्याचं जॅकेट विकत घेऊन आणलं की पहिलं काम म्हणजे मानेजवळची नंबराची चिंधी उसवून टाकायची आणि तिथे आमच्या दुकानाच्या नावाची पट्टी लावायची, बिननंबरची. जुन्या काळातला बेचाळीस आजच्या चाळिसालाही धड पुरत नाही. शिवाय चामडं पहिल्या मालकाच्या अंगावर त्याच्याच कलाने ताणलेलं असतं, ते वेगळंच. म्हणून जॅकेट बटणं लावून टेबलावर सपाट पसरायचं, काखेपासून काखेपर्यंत टेप धरायचा, खांदा बघायचा, बाही बघायची आणि मग समोरच्या माणसाकडे वळायचं. माणूस स्वतःचं माप कधी खरं सांगत नाही. ढेरपोट्या श्वास ओढून धरतो आणि मीडियम मागतो, काडीपैलवानाला एक्स्ट्रा लार्जच हवं असतं. मी दोघांनाही तोंडावर सांगते.

"वहिनी, गिऱ्हाईक पळवून लावण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही," असं माझे दीर म्हणतात. नवरा गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं आणि दुकानाबरोबर भावजीही आले. ते मागच्या बाजूला मशीनवर बसतात. उसवणं, जोडणं, अस्तर बदलणं, बटणं ठोकणं सगळं त्यांचं. सुई त्यांची आणि जीभ माझी, अशी आमची वाटणी आहे, आणि ती बरी चालली होती.

त्या सकाळी मी दिवे लावतेय तोच एक पोलीस अधिकारी आत आला. हातात प्लास्टिकची मोठी पिशवी, डोळे जागरणाने तांबारलेले. मागोमाग एक नवरा-बायको आले, पन्नाशी ओलांडलेले. नवऱ्याने टोपी काढून हातात धरली होती आणि ती तो उगाच चुरगाळत होता. बायको मात्र ताठ होती. तिने छातीशी एक घडी केलेला शर्ट धरला होता. मला वाटलं, काहीतरी चोरीचा माल आमच्या गळ्यात आलाय. मी भांडायच्या तयारीनेच पुढे झाले.

अधिकाऱ्याने पिशवी टेबलावर रिकामी केली. आधी वास आला, मग जॅकेट दिसलं. नदीच्या पाण्याचा आणि कुजल्याचा वास होता तो. जॅकेट काळपट पडलेलं, फळीसारखं कडक झालेलं, कॉलर एका बाजूला वळलेली. तरी मी ओळखलं की हे ट्रकर जॅकेट आहे: कमरेशी संपणारं, छातीवर झाकणाचे दोन खिसे, खिशाखालून कमरेकडे उतरणाऱ्या दोन तिरक्या शिवणी. कॉलरच्या आत आमची पट्टी होती.

"खालच्या बंधाऱ्याला एक प्रेत अडकलं होतं," अधिकारी म्हणाला. त्याने आवाज खाली आणला, पण दुकान ते केवढं. "बरेच दिवस पाण्यात होतं. चेहऱ्यावरून काही कळत नाही. अंगात हे होतं. यांचा मुलगा थंडी सुरू झाल्यापासून बेपत्ता आहे आणि तो जाताना त्याच्या अंगात तुमच्या दुकानातलं जॅकेट होतं. हेच का ते, एवढं सांगा."

"तपकिरी स्वेडचं," नवरा म्हणाला.

"हे त्याचं नाही," बायको म्हणाली. "मी कालच सांगितलं यांना. यांना पटत नाही म्हणून तुमच्याकडे आणलंय."

अधिकारी माझ्याकडे वळला. "आज कुणी ओळख पटवली नाही तर संध्याकाळी बेवारस म्हणून पुरतील. शवागारात जागा नाही. रक्ताची तपासणी करता येते, पण त्यासाठी आधी कुणीतरी आमचा आहे म्हणायला हवं. या बाई म्हणत नाहीत, आणि त्या म्हणत नाहीत म्हणून हेही म्हणत नाहीत."

बायकोने शर्टाची घडी उलगडली आणि तो त्या घाणेरड्या जॅकेटवर पसरला, काखेला काख लावून, खांद्याला खांदा लावून. शर्ट जॅकेटच्या दोन्ही बाजूंनी चांगला पंजाभर बाहेर राहिला. शर्टाच्या बाह्या तर जॅकेटच्या कफापुढे लोंबत होत्या.

"बघा," ती म्हणाली. "त्याचे शर्ट मीच शिवते. हे त्याच्या अंगात शिरणारच नाही. खांद्यालाच अडकेल. तो घरातून रागावून गेलाय, काम शोधत असेल कुठेतरी. डोकं शांत झालं की येईल. तुम्ही तर रोजच मापं घेता, तुम्हीच सांगा यांना."

त्या मुलाची मला पक्की आठवण होती. सामान हलवणाऱ्या कंपनीत होता, लोकांची कपाटं आणि पियानो पाठीवरून जिने चढवायचा. दारात उभा राहिला की दुकानात अंधार व्हायचा. अशा माणसाला जुन्या मालात जॅकेट मिळणं कठीण, कारण जुन्या काळची माणसं तब्येतीने बेताची. मी त्याला आधी नवं गुळगुळीत चामड्याचं दाखवलं. ते त्याला आवडलं नाही. "यात मी बाउन्सर दिसतो," म्हणाला. मग खालच्या कप्प्यातून हे तपकिरी स्वेड काढलं. स्वेड म्हणजे चामड्याची आतली, मखमली बाजू. हात फिरवला की रंग बदलते. त्याने हात फिरवला आणि मग तो काही ते सोडेना. मी त्याला हात पुढे करायला लावले, पाठीत ताणतंय का ते पाहिलं, खाली बसवलं, स्टिअरिंग धरल्यासारखं करायला सांगितलं. सगळं बसत होतं, फक्त बाही आखूड होती. कुणीतरी आधीच्या मालकाने ती आत दुमडून शिवून घेतली होती. भावजींनी ती दुमड उसवून सोडली आणि कफ खाली आणून नव्याने शिवला.

चामड्याचं असं असतं की सुईचं भोक बुजत नाही. कापड उसवलं की धुण्यात धागे पुन्हा एकमेकांजवळ येतात, पण चामड्यात जिथे एकदा सुई गेली ती कायमची गेली. त्याच्या बाहीवर कफाच्या वर जुन्या शिवणीच्या भोकांची एक ओळ राहिली होती. भावजी त्याबद्दल हळहळले होते. तो हसून म्हणाला होता, "राहू द्या काका, कोण माझी मनगटं बघत बसणार आहे!"

मी शर्ट बाजूला करून बाही उलटून पाहिली. भोकांची ओळ होती. तिच्याखाली भावजींची शिवण होती. दोन टाके टाकून एक मागे घ्यायची त्यांची सवय आहे, मी ती अंधारातही बोटांनी ओळखीन. ओळ आणि शिवण यांच्यातलं अंतर मात्र आटून निम्म्यावर आलं होतं.

"हे वाळवलं कुणी?" मी अधिकाऱ्याला विचारलं.

"आमच्या शिपायाने. फार वास मारत होतं, म्हणून हीटरला टेकवून ठेवलं होतं."

मला त्या शिपायाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. भिजलेलं स्वेड सावलीत, हवेवर, दमाने सुकवतात. आचेला लावलं की ते आटत जातं. छाती, खांदे, बाह्या, सगळंच आकसतं आणि एका धिप्पाड माणसाचं जॅकेट एखाद्या किरकोळ पोराचं होऊन बसतं. टेबलावर ते तसंच होऊन पडलेलं होतं. समोरची बाई त्याच्याकडे बघून जगत होती.

"माप घ्या ना," ती म्हणाली. "टेप लावून घ्या. म्हणजे यांची खात्री पटेल."

मी टेप लावला. दुसरं काय करणार? काखेपासून काखेपर्यंत धरला आणि आकडा वाचला. मोठ्याने वाचला. तो आकडा खरा होता, एका सडपातळ माणसाचा होता, आणि मला खोटं बोलायची गरजसुद्धा नव्हती.

बाईने डोळे मिटले. मग तिने टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला. "तुमचं फार भलं होईल," ती म्हणाली. "रात्रभर हे मला समजावत होते. मी म्हटलं, आईला माप कळत नाही का?" अधिकाऱ्याने खांदे उडवले आणि पिशवी उघडली. त्याचंही एक काम संपलं होतं. नवरा तेवढा माझ्याकडे बघत होता. त्याला मी काय बोलायला हवं होतं, ते त्याच्या तोंडावरून मला कळेना. बोलू नका म्हणत होता की बोला म्हणत होता, देव जाणे.

मी बोलले नाही. मला भीती वाटली, हे सरळच सांगते. आयुष्यभर लोकांना त्यांची पोटं आणि कुबडं तोंडावर सांगितली, पण हे सांगायला माझी जीभ उचलेना. गप्प राहिले तर काय जाणार होतं माझं? ती घरी जाईल, दोन घास खाईल, शांत झोपेल. आणि संध्याकाळी कुठल्यातरी कोपऱ्यात त्याला नावाशिवाय मातीआड करतील. त्यानंतर ती रोज दाराकडे कान लावून बसेल, म्हातारी होईस्तोवर, आणि तो कुठे आहे हे जगात मला आणि भावजींनाच ठाऊक असेल. ती एखाद्या दिवशी दुकानासमोरून गेली तर मी कुठे तोंड लपवणार होते?

मागचं मशीन केव्हाच थांबलं होतं. भावजी पडद्यापाशी येऊन उभे होते. त्यांची नजर त्या बाहीवर होती.

"वहिनी," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

अधिकारी जॅकेट पिशवीत कोंबत होता. मी त्याचं मनगट धरलं.

"थांबा," मी म्हटलं. "ताई, बसा जरा."

"कशाला? झालं ना आता?"

"बसा म्हणते ना." माझा आवाज चढला. मला तिच्यावर रागवायचं नव्हतं. "हे जॅकेट आटलंय. पाण्यात भिजलं आणि वर हीटरला लावलं. आम्ही विकलं तेव्हा हे एवढं नव्हतं. हा शर्ट यात मावला असता."

"एवढं कुठे आटतं?"

"आटतं. स्वेड असंच आटतं."

"मग कुणाचंही असेल. तुम्ही काय एकच जॅकेट विकलंत?"

मी बाही तिच्यासमोर धरली आणि भोकांच्या ओळीवर बोट ठेवलं. आधी बाही आखूड होती ते सांगितलं, ती सोडली ते सांगितलं, तो काय म्हणून हसला होता तेही सांगून टाकलं. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. ती भावजींकडे बघत होती, ते तरी नाही म्हणतील म्हणून.

"माझ्याच हातची शिवण आहे ती, ताई," भावजी म्हणाले आणि रडायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, माझा नवरा गेला तेव्हासुद्धा नाही.

बाई रडली नाही. नवरा खाली बसला, थेट फरशीवर, पण ती उभीच राहिली. तिने बोट त्या भोकांवरून पुन्हा पुन्हा फिरवलं. मग अधिकाऱ्याकडे वळून तिने विचारलं, "हे तुम्ही काढून घेतलंत. मग आता त्याच्या अंगावर काय आहे?"

अधिकाऱ्याने खाली बघितलं. "चादर आहे, बाई."

"नुसती चादर?"

"हो."

ती माझ्याकडे आली. "त्याला होईल असं एखादं द्या," ती म्हणाली. "तपकिरी असलं तर बघा. नसलं तर कुठलंही द्या. पण त्याला होईल असं."

मी भिंतीवरच्या दांडीकडे गेले. हात सवयीने त्याच्या मापाशी जाऊन थांबला. तेवढ्यात अधिकारी माझ्यामागे येऊन कुजबुजला, "तो पाण्यात होता. फुगलाय. ते व्हायचं नाही." मी पुढचं काढलं. त्याने नकारार्थी मान हलवली. त्याच्याही पुढचं काढलं. शेवटी दांडीच्या अगदी टोकाला लटकलेलं, कुणालाच होत नाही म्हणून पडून राहिलेलं एक काळं चामड्याचं ट्रकर काढलं. अधिकाऱ्याने डोळ्यांनी त्याचा अंदाज घेतला आणि हे चालेल अशी खूण केली.

भावजींनी ते माझ्या हातातून घेतलं. त्यांनी ते टेबलावर पालथं पसरलं, पाठ वर करून, आणि कात्रीच्या टोकाने कॉलरखालची शिवण धरली.

"उसवता कशाला?" बाईने विचारलं.

मीच सांगितलं. "पाठीतून उघडं असलं की पुढून घालता येतं. त्याचे हात वर करावे लागत नाहीत."

भावजींची कात्री शिवणीवरून घसरत होती. मग तिने जवळ येऊन जॅकेटची कमरेकडची कड दोन्ही हातांनी पकडली आणि शिवण सरळ उसवावी म्हणून ती आपल्या बाजूने ताणून धरली.