मगर नसलेलं पुस्तक

“मामा, यात मगर नाहीच आहे!”

चष्मेवालीनं पुस्तक टेबलावर असं आपटलं, की शेजारच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन बसलेले आजोबा दचकून जागे झाले. वाचनालयाच्या बालविभागाचे शिपाई, म्हणजे पोरांचे मामा, हातात फडकं घेऊन उभे. चोर मुद्देमालासकट सापडावा तसा चेहरा.

“नीट वाचलं नसशील,” मामा म्हणाले.

“पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं! होड्या कशा बनवतात तेवढंच आहे. फळ्या, खिळे, डांबर. म्हातारा नाही की मगर नाही!”

“मग परत वाच. मगर काय अशी समोर येऊन बसते होय? ती लपूनच असते.”

चष्मेवाली फणफणत कोपऱ्यात गेली आणि, काय सांगावं, पुन्हा वाचायला बसली!

झालं होतं असं. सुट्टी लागली की बालविभागात चिटपाखरू फिरकत नसे. यंदा ग्रंथपाल बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, “मामा, या सुट्टीत मुलं आली नाहीत तर समिती ही खोली बंद करणार. जुनी कपाटं ठेवणार इथं. आणि तुम्ही खाली सायकलींवर लक्ष ठेवायला.” घरी मामांना कोणी भाजी कुठली आणू हेसुद्धा विचारत नसे. जगात ‘मामा, हे काय आहे?’ असं विचारणारं कोणी असेल, तर ते याच खोलीत.

म्हणून पहिल्या दिवशी उन्हाला कंटाळून आत शिरलेल्या चष्मेवालीनं “हे कसं आहे हो?” म्हणून एक पुस्तक पुढं केलं, तेव्हा मामांनी दिली थाप ठोकून. मुखपृष्ठावर होडी होती. मामांनी तीत एक म्हातारा बसवला, खाली मगर सोडली आणि मगरीनं जबडा उघडल्याबरोबर गप्प झाले. “पुढचं तूच वाच, पोरी.”

वर्षानुवर्षं मामांनी या पुस्तकांवरची धूळ झटकली होती. एकूणएक मुखपृष्ठं तोंडपाठ. पान मात्र कधी उलटलं नव्हतं. धूळ काय, बाहेरूनच झटकायची असते.

मगर नसल्याची बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी पोरांची झुंबड. “मामा, यात काय आहे?” मामा मुखपृष्ठ न्याहाळायचे, घसा खाकरायचे की सुरू. पोरं पुस्तक घेऊन पळायची आणि संध्याकाळी छाती काढून परत यायची. “खोटं! राजा मरतच नाही!” “अहो, हे तर गणिताचं आहे!” तेही एकानं भूत शोधत अख्खं वाचून काढलं होतं. मामांना खोटं पाडायच्या नादात कपाटं रिकामी झाली.

सुट्टी संपता संपता समिती आली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्ष खूश.

“एवढी मुलं येतात तरी कशी हो?”

मामा तोंड उघडणार, तोच चष्मेवाली ठणकावून म्हणाली, “मामा थापा मारतात ना, म्हणून!”

बाईंनी कपाळाला हात लावला. अध्यक्षांना हसू आवरेना. “अहो मामा, मग तुम्ही यातलं वाचलंय तरी काय?”

आणखी एक थाप काही जड नव्हती. पण सगळी पोरं बघत होती. “काहीच नाही, साहेब,” मामा म्हणाले. “एकही पुस्तक नाही.” त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अध्यक्षांनी जुनी कपाटं व्हरांड्यात ठेवायला सांगितली. बालविभाग राहिला. मोठी माणसं हसत हसत गेली, पण पोरं हसली नाहीत. मामांनी एकही पुस्तक वाचलं नाही?

शाळा सुरू झाली त्या दिवशी चष्मेवाली दप्तरासकट आत डोकावली. तिनं होडीचं पुस्तक मामांपुढं ठेवलं.

“मामा, तुमचंच बरोबर होतं. मगर आहे यात.”

“काहीतरीच! तूच म्हणालीस ना—”

“तेव्हा नीट वाचलं नव्हतं मी. चांगली मोठ्ठी आहे. पुढं आहे कुठंतरी.” चेहऱ्यावरची रेघही न हलवता ती बोलली आणि पळाली.

खोली ओस पडली होती. मामा पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसले, तर गुडघे हनुवटीला लागले. फळ्या झाल्या. खिळे झाले. संध्याकाळी बाई किल्ल्या वाजवत आल्या.

“मामा, बंद करायचं ना?”

“थांबा हो बाई,” पानावरचं बोट न उचलता मामा म्हणाले. “आत्ता कुठं डांबर आलंय. मगर अजून यायचीय.”